मेजवानीचा पोशाख

हल्ली सातारा-सांगलीकडील सुखवस्तू कुटुंबे सुटीच्या दिवसांत मोठमोठ्या जहाजांवरून समुद्रपर्यटनास जाऊ लागली आहेत. अशा कित्येक जहाजांवर प्रवासातील एकदोन रात्री खास मेजवानीसाठी राखून ठेवलेल्या असतात. त्या रात्री भोजनगृहात येणाऱ्या पुरुषाने काळा डिनर-कोट व गळ्यास बो, निदान गडद रंगाचा सूट व टाय, असा वेष करावा अशी अपेक्षा असते. हा नियम वाचून कोणी त्यास साहेबी थाट म्हणून हसतो, तर कोणी घाईघाईने उसना कोट शोधू लागतो. या दोघांनीही आपल्याच इतिहासाकडे एकवार वळून पाहावे, एवढ्यासाठी आजचे हे भाषण आहे.

जेवणासाठी निराळा पोशाख ही कल्पना आपणांस मुळीच परकी नाही. कृष्णाकाठच्या ब्राह्मणी घरांतून आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत कचेरीतून आलेला गृहस्थ कोट-पागोटे खुंटीस अडकवी, हातपाय धुई आणि रेशमी मुकटा किंवा कद नेसूनच पाटावर बसे. शिवलेले वस्त्र अंगात ठेवून पंगतीस बसणे हा अनाचार समजला जाई. साहेब जेवावयास बसताना कोट चढवीत असे, आजोबा कोट उतरवीत असत. परंतु दिवसभराच्या व्यवहाराची धूळ पानापाशी आणू नये, ही भावना दोघांचीही एकच होती. मात्र या दोन्ही नियमांना एक दुसरी बाजूही होती. सोवळ्याच्या पंगतीत इतर जातींच्या माणसांस मज्जाव होता, आणि आगबोटीवरील पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात खालच्या वर्गातील उतारूंस मज्जाव होता. पोशाखाचा नियम आदर दाखवितो, तसाच तो दाराशी माणसास अडवितोही. म्हणून हा प्रश्न केवळ शिंप्याचा नाही. तो मानाचा आहे.

साताऱ्यास तर वस्त्रांचे महत्त्व सांगावयास नको. पेशवा पुण्यास राज्यकारभार करीत असला, तरी पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच यावी लागत. ती मिळाल्यावाचून पदास मान्यता नसे. वस्त्र म्हणजे अधिकार, असा हा व्यवहार होता. या समजुतीत वाढलेली माणसे विलायतेस गेली, तेव्हा त्यांजपुढे कोणते प्रसंग आले?

इ. स. १७८१ मध्ये राघोबादादांचे वकील म्हणून हणमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ लंडनास गेले. बरोबर एक पारशी गृहस्थ व त्यांचे चिरंजीव होते. हणमंतरावांस परक्याच्या हातचे अन्न चालत नसे. प्रसिद्ध वक्ते एडमंड बर्क यांनी आपल्या बीकन्सफील्ड येथील वाड्यातील काचेचे वनस्पतिगृह त्यांस स्वतःच्या रीतीने स्वयंपाक करण्यासाठी मोकळे करून दिले. त्या काळी मेजवानीत काय घालावे हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण एका मेजावर बसणेच अशक्य होते. तरी यजमानाने पाहुण्याचा आचार जपला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १८३९ च्या सप्टेंबरात कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांस पदच्युत केले. त्यांची दाद लावून घेण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनास गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. मध्यंतरी १८४७ मध्ये महाराज काशीस वारले आणि १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. ज्याचा धनी गेला, राज्य गेले, त्या वकिलाने परक्या दरबारात कशाच्या बळावर उभे राहावे? आपली बाजू आणि आपला आब, एवढेच त्याजपाशी उरते. पोशाख हा त्या आबाचाच भाग होय.

आता साहेबाच्या पोशाखाकडे वळू. मेजवानीचा त्यांचा जुना वेष म्हणजे मागे शेपट्या असलेला काळा कोट व पांढरा बो. आखूड डिनर-कोट हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. तो आधी घरगुती वापरासाठी निघाला आणि मागाहून प्रतिष्ठित झाला. त्या कोटाखाली कमरेस जो पट्टा गुंडाळतात, त्यास इंग्रजीतही कमरबंदच म्हणतात! येथल्या उकाड्यास कंटाळलेल्या इंग्रज अंमलदारांनी जाकिटाऐवजी आपलाच कमरबंद उचलला. तेव्हा ज्यास आपण अस्सल विलायती समजतो, त्यात आपलाही धागा आहे.

परक्या वेषाची ओढ थोरांसही चुकली नाही. १८८८ मध्ये विद्यार्थी मोहनदास गांधी विलायतेस निघाले. आगबोटीवर ते काळा सूट वापरीत. पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे उतरण्याच्या दिवसासाठी त्यांनी जपून ठेवले होते. सप्टेंबरअखेर साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर ते कपडे घातलेले आपण एकटेच आहो, हे पाहून त्यांस लाज वाटली. पुढे लंडनच्या बाँड स्ट्रीटवर त्यांनी दहा पौंड खर्चून संध्याकाळचा सूट शिवविला. ही हकीकत त्यांनीच आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेविली आहे.

त्याच १८८८ सालच्या मार्चमध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली. जरीचे अंगरखे आणि रत्नांचे अलंकार यांनी मंडप झगमगत असता, ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, ते जोतीराव फुले गरीब शेतकऱ्याच्या वेषात दाराशी आले. पहारेकऱ्यांनी त्यांस अडविले; यजमानांनी ओळखून आत नेले. भाषणास उभे राहून जोतीरावांनी सांगितले की, या झगमगाटावरून देशाची परीक्षा करू नये. खरी प्रजा खेड्यांत, अन्नवस्त्रावाचून आहे. जोतीरावांनी तो वेष निष्काळजीपणाने केला नव्हता, पूर्ण विचाराने केला होता. दाराशी अडविले जाणाऱ्यांचे गाऱ्हाणे त्यांनी आपल्या अंगावर घेऊन आत नेले.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाची, पण मनाला तितकीच भिडणारी गोष्ट गोपाळ कृष्ण गोखल्यांची. १९१२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा जोहान्सबर्गच्या हिंदी लोकांनी त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी केली. त्या प्रसंगी त्यांस न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले उपरणे घ्यावयाचे होते. ते चुरगळलेले होते, आणि धोब्याकडे धाडण्यास वेळ नव्हता. गांधींनी इस्त्री करून देतो म्हटले. तुमच्या वकिलीवर माझा भरवसा आहे, परटाच्या कामावर नाही, अशा अर्थाचे बोलून गोखले प्रथम कचरले. मग त्यांनी ते वस्त्र गांधींच्या हाती दिले, आणि इस्त्री उत्तम झाली. रानडे १९०१ मध्येच वारले होते. परमुलखातील त्या रात्री आपल्या गुरूची आठवण खांद्यावर असावी, एवढीच शिष्याची इच्छा होती. मेजवानीच्या पोशाखाचा याहून उदात्त अर्थ मला ठाऊक नाही.

१९३० च्या नोव्हेंबरात लंडनास पहिली गोलमेज परिषद भरली. तिला सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन संस्थानिकांच्या बाजूने उपस्थित होते. परिषदेच्या छायाचित्रांत युरोपीय कोटांच्या रांगांत संस्थानिकांचे फेटे उठून दिसतात. पुढल्या वर्षी दुसऱ्या परिषदेसाठी गांधीजी ‘राजपुताना’ आगबोटीने गेले, आणि ५ नोव्हेंबर १९३१ रोजी बादशहांच्या राजवाड्यात पंचा नेसून व शाल पांघरून उपस्थित राहिले. दहा पौंडांच्या सुटापासून त्या पंचापर्यंतचा मार्ग त्रेचाळीस वर्षांचा होता.

मग आजच्या गृहस्थाने काय घालावे? काळा सूट अंगास नीट बसत असेल, तर तो खुशाल घालावा. त्याने कोणाचे स्वत्व जात नाही. परंतु तो उसना आणावयाची गरजही नाही. पुष्कळ कंपन्यांचे नियम राष्ट्रीय पोशाखही ग्राह्य धरतात. तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. बंद गळ्याचा काळा लांब कोट, पांढरी सुरवार, खांद्यावर उपरणे आणि काळे चकचकीत जोडे हा वेष कोणत्याही मेजावर शोभेल. फेटा बांधावयाचा तर घरी चार वेळा बांधून पाहावा. धोतर नेसण्याची सवय नसेल, तर डोलत्या जहाजाच्या जिन्यावर तो प्रयोग करू नये. जहाजावर स्वतःची इस्त्री सहसा नेऊ देत नाहीत; आणि प्रत्येकाच्या सोबतीस गांधी नसतात. कपडे घडी न मोडेल असे भरावेत, किंवा जहाजावरील परटाकडे वेळीच द्यावेत.

आणि एक विनंती. त्या रात्री कोणी साध्या सदऱ्यात दाराशी घुटमळताना दिसला, तर त्याजकडे पाहून हसू नये. कटगुणच्या वंशजालाही एका रात्री दाराशी थांबविले होते.