सोन्याच्या ढगांआड हरवलेला किल्ला (थ्रेड)

१/८ ओदा नोबुनागाने बिवा सरोवराकाठी बांधलेला अझुची किल्ला १५७९ मध्ये पूर्ण झाला आणि १५८२ मध्ये जळाला. तो उभा असताना काढल्याची नोंद असलेले मोठे चित्र एकच आहे : घडीच्या पडद्यांची एक जोडी. ती अखेरची दिसली रोममध्ये.

२/८ अशा पडद्याला जपानीत ‘ब्योबू’ म्हणतात. शब्दशः अर्थ, वाऱ्याचा आडोसा. लाकडी चौकटींवर कागदाचे थर चिकटवून पट तयार होत. बहुधा सहा पटांचा एक पडदा आणि दोन पडद्यांची जोडी असे. पुढे कागदी बिजागऱ्या आल्या. पटांमधील फट जवळजवळ नाहीशी झाली आणि साऱ्या पटांवर एकच सलग चित्र रंगवता येऊ लागले.

३/८ सोळाव्या शतकात या कागदावर सोन्याचा वर्ख चढू लागला. वर्खाचे लहान चौकोन कडेवर कड ठेवून चिकटवीत. त्या जोडांची जाळी जुन्या पडद्यांवर आजही दिसते. किल्ल्यांच्या खोल, अंधाऱ्या दालनांत हे सोने मिळेल तेवढा उजेड परतवीत असे. यजमानाचे वैभवही त्यातूनच बोलत असे.

४/८ नगरचित्रांत सोन्याचे ढग आणखी एक काम करीत. दोन स्थळांमधील अंतर ते झाकून टाकीत, त्यामुळे सारे शहर एका चित्रात मावे. कानो एइतोकूचा मानला जाणारा क्योतोचा असा पडदा नोबुनागाने १५७४ मध्ये उएसुगी केनशिनला भेट दिला. तो योनेझावा येथे सुरक्षित आहे. सरदारांच्या राजकारणात ब्योबू हे मानाचे नजराणे होते.

५/८ अझुचीचा किल्ला आणि त्याखालचे नगर दाखवणारी जोडीही नोबुनागाने करवून घेतली. जेझुइट वृत्तांतांनुसार सम्राट ओगिमाचींना ती हवी होती. नोबुनागाने त्यांची इच्छा न समजल्यासारखे केले. १५८१ मध्ये मात्र ती त्याने जेझुइट निरीक्षक वालिन्यानो याला दिली. किल्ल्याची कीर्ती समुद्रापार जाणार होती.

६/८ फेब्रुवारी १५८२ मध्ये क्यूशूच्या ख्रिस्ती सरदारांच्या वतीने चार किशोर नागासाकीहून युरोपकडे निघाले. हे पडदे त्यांच्यासोबत होते. मकाव, मलाक्का, कोचीन असा प्रवास करीत मंडळी १५८३ च्या अखेरीस गोव्यात पोहोचली. वालिन्यानो तेथेच थांबला. किशोर पुढे लिस्बनला गेले.

७/८ मंडळी मकावमध्ये असतानाच, जून १५८२ मध्ये, अकेची मित्सुहिदेने बंड केले आणि होन्नोजी मंदिरात नोबुनागाचा अंत झाला. काही दिवसांतच अझुचीचा मुख्य बुरूजवाडा आगीत गेला. ज्या किल्ल्याचे चित्र युरोपला निघाले होते, तो किल्लाच उरला नव्हता.

८/८ १५८५ मध्ये पडदे पोप तेरावे ग्रेगरी यांना अर्पण झाले आणि व्हॅटिकनच्या नकाशादालनात ठेवले गेले. फिलिप्स व्हान विंघे या फ्लेमिश अभ्यासकाने त्यांतील काही भागांची रेखाटने केली. त्यानंतर माग तुटतो. जपानी संशोधकांनी व्हॅटिकनमध्ये जाऊन शोध घेतला, पण पडदे सापडलेले नाहीत. आज अझुचीत दगडी पायऱ्या आणि जोती उरली आहेत. त्यांवरचा वाडा नेमका कसा होता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत मात्र घडीच्या पडद्याला अजूनही ‘बिओंबो’ म्हणतात. ब्योबूचेच ते रूप.