चौथा भिडू

१८४९ साली लंडनच्या अपॉथिकरीज हॉलमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं सुमारे बारा गॅलनचं, म्हणजे पन्नासएक लिटरचं, काचेचं भांडं मांडलं. तळाशी वाळू आणि चिखल घातला, माशांना आडोसा मिळावा असे मोठे दगड रचले आणि निम्म्यापर्यंत पाणी भरलं. त्यात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरियाचं एक रोप चिखलात खोवून, ते उपटून वर येऊ नये म्हणून बुडाशी दगड ठेवला. लांब चपट्या पानांची ही व्हॅलिस्नेरिया आपल्याकडच्या तळ्यांतही आढळते. आज हौशी लोक ज्याला ‘प्लँटेड टँक’ म्हणतात, त्याचं मूळ या भांड्यात आहे.

काचेच्या भांड्यात मासे त्याआधीही पाळले जात. सिसिलीत जान व्हिलप्रे-पॉवर या बाईंनी १८३२ साली समुद्रजीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या बनवून घेतल्या होत्या. अडचण पाण्याची होती. ते साचून राहिलं की जीव मरत. लंडनमध्ये ॲना थिन यांनी १८४६ च्या सुमारास घरात समुद्री प्रवाळ ठेवले, तेव्हा त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे, त्यात हवा मिसळावी म्हणून. पुढे थिन यांनी समुद्रवनस्पती घालून पाहिल्या आणि त्यांचं काम निभावलं. जगातलं पहिलं ‘समतोल’ मत्स्यालय कुणाचं, या वादात वॉरिंग्टनइतकाच मान या बाईंना द्यायला हवा असं मला वाटतं. त्या मोलकरणीचाही त्यात वाटा होताच.

वॉरिंग्टन मात्र रसायनशास्त्राच्या वाटेनं आला होता. मेणबत्ती जळून बिघडलेली हवा पुदिन्याच्या फांदीनं पुन्हा सुधारते, हे जोसेफ प्रीस्टलीनं १७७१ मध्ये पाहिलं होतं. त्यासाठी उजेड लागतो, हे यान इंगेनहाउझनं १७७९ मध्ये दाखवलं. माशाचा कार्बन डायऑक्साइड वनस्पतीला आणि वनस्पतीचा ऑक्सिजन माशाला, असा हा व्यवहार पाण्यातही चालायला हवा, असा वॉरिंग्टनचा हिशेब होता.

काही दिवस सगळं ठीक चाललं. मग जुनी पानं पिवळी पडून कुजू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवट थर धरला. इथे त्यानं जे केलं ते मला फार आवडतं. भांडं उपसून घासूनपुसून नव्यानं मांडायच्या ऐवजी त्यानं विचार केला, की तळ्यात ही कुजकी पानं कोण खातं? पाच-सहा पाणगोगलगायी आणून त्यानं त्यात सोडल्या. त्यांनी कुजलेला पाला आणि थर खाऊन टाकला, पाणी निवळलं, आणि त्यांची अंडी माशांच्या पोटात गेली. मासा, वनस्पती, गोगलगाय अशी ही त्रयी त्यानं १८५० मध्ये केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडली.

काचेवरची जकात १८४५ मध्येच उठली होती, त्यामुळे काच स्वस्त होत होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाऊस’ उघडलं, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं या विषयावरचं पुस्तक आलं आणि दिवाणखान्यात काचेची पेटी ठेवायची लाटच आली.

पण नव्याकोऱ्या टाकीत रोपं आणि गोगलगायी असूनही मासे मरतात. मरतात ते बहुधा अमोनियामुळे. मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे सतत बाहेर टाकत असतो. त्याचं पुढे काय होतं, याचं उत्तर मत्स्यालयवाल्यांकडून आलंच नाही. ते सांडपाण्यातून आणि शेतातून आलं.

१८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू-खडूनं भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी झिरपू दिलं. पहिले वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली उतरत राहिला. मग त्याचं नायट्रेट होऊ लागलं. ही नुसती रासायनिक क्रिया असती, तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. त्यांनी क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, काम थांबलं. मातीचं धुवण घातलं, काम पुन्हा सुरू झालं. म्हणजे हे काम कुणीतरी जिवंत करत होतं.

हा धागा इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात उचलला तो रॉबर्ट वॉरिंग्टननं. हा त्या पहिल्या वॉरिंग्टनचा मुलगा. जन्म १८३८ चा, म्हणजे वडिलांनी ते भांडं मांडलं तेव्हा अकरा वर्षांचा पोरगा. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट हे दोन टप्पे असून ते वेगवेगळे जंतू करतात, हे त्यानं मातीवरच्या प्रयोगांतून दाखवलं. ते जंतू वेगळे काढून वाढवणं मात्र त्याला साधलं नाही, कारण नेहमीच्या जिलेटिनवर ते वाढत नाहीत. ते श्रेय १८९० च्या आसपास सर्गेई विनोग्राड्स्कीकडे गेलं. बापाच्या टाकीतला चौथा भिडू मुलानं शेतात ओळखला, असंच म्हणावं लागेल. बापानं तळाशी चिखल घातला होता. त्याच्यासोबत हे जंतू नकळत भांड्यात आले असणार.

त्यामुळे टाकी मांडण्याचा क्रम ठरतो. आधी माती, त्यावर वाळूचा थर, मग रोपं, आणि तीही पहिल्या दिवसापासून दाट, कारण रोपं स्वतःही अमोनिया शोषून घेतात. मग फिल्टर चालू ठेवून काही आठवडे थांबायचं. हौशी लोक याला ‘टँक सायकल करणं’ म्हणतात. जुन्या टाकीतला मळका स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवला तर विरजण लावल्यासारखं होतं, वेळ वाचतो. तपासणी किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की मासे आणावेत, तेही थोडे थोडे करून, कारण जंतूंची संख्या त्यांना मिळणाऱ्या अमोनियाच्या मानानंच वाढते. दुकानातून एकदम वीस टेट्रा उचलून आणले तर त्यांना पुरेसे जंतू टाकीत नसतात. स्पंज नळाखाली धुणं हा आपल्याकडचा सर्रास घडणारा घात; पालिकेच्या पाण्यातलं क्लोरिन जंतूंना मारतं. तो टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळावा. वीज तासन्‌तास गेली की बंद फिल्टरमधले जंतू ऑक्सिजनवाचून गुदमरतात, आणि अशा वेळी दाट रोपांची टाकी बऱ्यापैकी तग धरते.

जपानच्या ताकाशी अमानो यांनी १९८० च्या दशकापासून या पेटीत डोंगर-रानं उभी केली, रोपांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडला आणि शेवाळ खायला गोगलगायीच्या जागी कोळंबी आणली. तळाची मांडणी वॉरिंग्टनचीच राहिली.

चौथ्या भिडूची ओळख मात्र अजून पुरती झालेली नाही. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटचं काम पुस्तकात सांगतात तो नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पायरा करतो, हे १९९८ मध्ये कळलं. आणि २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून काढलेल्या जंतूंत असे नायट्रोस्पायरा सापडले, जे दोन्ही टप्पे एकटेच पुरे करतात.