मृण्मूर्तींचे मुखसाचे : पवनीच्या अभ्यासकांपुढील एक प्रश्न

भंडारा जिल्ह्यातील वैनगंगाकाठचे पवनी हे प्राचीन नगर नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये केलेल्या उत्खननामुळे प्रकाशात आले. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी सिद्ध केलेला त्याचा वृत्तांत १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तूप आणि शिलालेख यांच्या शेजारी पांढरीत सापडलेला मातीचा एखादा भग्न चेहरा क्षुल्लक वाटावा, हे स्वाभाविक आहे. तथापि असा चेहरा कोणत्या साच्यातून निघाला, हे निश्चित करता आले, तर एका नगराचा दुसऱ्याशी असलेला संबंध तो शिलालेखाइतक्याच स्पष्टपणे सांगू शकतो. ही निश्चिती कशी करावी, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

सातवाहनकालीन तेर, पैठण, नेवासे, भोकरदन इत्यादी स्थळी दुहेरी साच्याच्या मृण्मूर्ती आढळतात. पुढील व मागील अंगाचे दोन स्वतंत्र साचे घेऊन त्यांत मळलेली माती दाबावयाची, दोन्ही भाग सांधावयाचे आणि पोकळ मूर्ती भाजावयाची, अशी ही कृती होय. कित्येक मूर्ती केओलिन या पांढऱ्या मातीच्या आहेत. जर्मनीतील आर्मां मार्सेय यांच्या कारखान्यातील चिनीमातीच्या बाहुल्यांच्या मानेमागे साच्याचा क्रमांक उमटविलेला असे. संग्राहक तो वाचून ‘३९०’ क्रमांकाचा चेहरा तत्काळ ओळखतात. आपल्या मृण्मूर्तींवर असा क्रमांक नाही. तेथे चेहराच वाचावा लागतो.

या वाचनात पहिला धोका साम्याचा आहे. पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि तेर येथील हस्तिदंती मूर्ती यांतील सादृश्य सुप्रसिद्ध आहे. परंतु हस्तिदंत हा एकेक कोरला जातो, म्हणून ते सादृश्य शैलीचे होय. साच्याचे नाते याहून निराळे, प्रत्यक्ष शारीरिक स्वरूपाचे असते. केशरचना किंवा कर्णभूषणे सारखी दिसली, एवढ्यावरून दोन मृण्मूर्ती एकाच साच्याच्या ठरत नाहीत. आणि रोमन प्रभावासारखे मोठे निष्कर्ष तर त्यावरून मुळीच काढता येत नाहीत.

यास्तव मोजमाप आवश्यक आहे. डोळ्यांच्या आतील कोपऱ्यांमधील अंतर, भुवईपासून हनुवटीपर्यंतची उंची, तोंडाची रुंदी ही मापे घेऊन त्यांची परस्पर प्रमाणे काढावीत. माती सुकताना व भाजताना आकसते. तयार मूर्तीवरूनच नवा साचा घेतला, तर त्यातून निघणारी मूर्ती मूळ मूर्तीहून लहान व अस्पष्ट होते. प्रमाणे तीच, पण मापे सर्वत्र सारखीच घटलेली, असे दिसल्यास ती पुढील पिढीची प्रत असण्याचा संभव बळावतो. मात्र दोन्हींची माती भिन्न असेल, तर आकसण्यातील फरकही हिशेबात घ्यावा लागतो. ग्रीक मृण्मूर्तींच्या संदर्भात आर. व्ही. निकल्स यांनी १९५२ मध्ये साच्यांच्या अशा पिढ्यांची पद्धतशीर चर्चा केली आहे.

दुसरा पुरावा साच्यातील दोषांचा. साच्याला तडा गेला की त्यानंतरच्या प्रत्येक मूर्तीवर एक बारीक उंचवटा उमटतो. आधीच्या मूर्तींवर तो नसतो. यावरून केवळ साचाच नव्हे, तर मूर्तींचा पूर्वापर क्रमही कळतो. याउलट, साच्यातून काढल्यावर ओल्या मातीत कोरणीने रेखलेल्या बाहुल्या किंवा केस हे कारागिराच्या हातचे काम असल्याने साच्याच्या निर्णयात ते धरू नये.

एवढे करूनही एक मर्यादा उरते. साचा हलका व वाहून नेण्याजोगा असतो. पवनी व तेर येथे एकाच साच्याचे चेहरे मिळाले, असे मानले, तरी मूर्ती प्रवासास गेली की साचा, हे चेहरा सांगणार नाही. ते मातीच्या पृथक्करणानेच कळेल. शिवाय थराची नोंद नसलेल्या, नांगरटीत वा नदीकाठी वेचलेल्या तुकड्याचा काळ त्याच्या साच्याच्या भावंडांवरूनच ठरविता येतो, आणि तोही ती भावंडे थरातून मिळाली असतील तरच. म्हणून संग्रहातील प्रत्येक मृण्मुखाची मापे, दोष व माती यांची नोंद छायाचित्राबरोबर होणे अगत्याचे आहे. केवळ ‘सुंदर स्त्रीमुख’ अशी नोंद करून ठेवलेला तुकडा जतन होतो खरा, परंतु इतिहासाच्या उपयोगी पडत नाही.