गाडी नाही, दुकान नाही. तरी मुंबईत रिपेअरिंगची कामं कशी मिळवायची?

किचनचा नळ रात्रभर टपटपतोय. सकाळी घरातलं कुणीतरी खाली जाऊन वॉचमनला विचारतं, "कोणी प्लंबर आहे का ओळखीचा?" अर्ध्या तासात पाठीवर बॅग अडकवलेला एक माणूस दारात उभा असतो. पंधरा मिनिटांत नळ नीट करतो, जाता जाता पंख्याचा रेग्युलेटरही बघतो आणि निघून जातो.

तो आला कसा, हे आपण विचारत नाही. बहुतेक वेळा तो चालत आलेला असतो. नाहीतर शेअर रिक्षाने, बसने किंवा लोकलने.

यूट्यूबवर परदेशातले व्हिडिओ बघितले तर असा कारागीर स्वतःची व्हॅन घेऊन फिरतो. शिडी, मशीन, पाईप सगळं गाडीत. आपल्याकडे बॅग हीच गाडी. त्यामुळे आयटीआय करून नुकत्याच बाहेर पडलेल्या किंवा एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकलेल्या पोरांना एकच प्रश्न पडतो. काम तर येतं, पण गाडी नाही, दुकान नाही, मग कामं मिळणार कशी?

मिळतात. पण त्यासाठी एक हिशोब आधी समजून घ्यावा लागतो.

खर्च तिकिटाचा नाही, वेळेचा

मुंबईत फिरणं तसं स्वस्त आहे. लोकलचं सेकंड क्लासचं किमान तिकीट ५ रुपये. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं वाढलं, तरी ते साध्या बसला १० आणि एसी बसला १२ रुपये झालं. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ मध्ये २६ रुपये झालं. म्हणजे खिशाला मोठी कात्री प्रवासाने लागत नाही.

कात्री लागते ती वेळेला. एक उदाहरण घेऊ.

समजा तुम्ही भांडुपला राहता आणि बोरिवलीहून नळ बदलायचा फोन आला. मजुरी ठरली ४०० रुपये. नकाशावर बोरिवली फार लांब वाटत नाही. पण मध्ये नॅशनल पार्क आहे, थेट लोकल नाही. दादरला उतरून लाईन बदलायची, मग स्टेशनपासून पुढे रिक्षा. जायला दीड तास, यायला दीड तास, काम पाऊण तासाचं. त्यात वॉशर किंवा कनेक्शन पाईप चुकीच्या मापाचा निघाला तर दुसरी फेरी. अख्खा दिवस ४०० रुपयांवर गेला.

त्याच दिवशी भांडुप, नाहूर आणि मुलुंडमध्ये २५०-२५० रुपयांची तीन कामं केली असती, तर ७५० रुपये आले असते आणि संध्याकाळी घरीही वेळेवर पोहोचला असता.

म्हणून गाडी नसणाऱ्याने पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही: गाडी नसल्यामुळे जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान फुकट गेलेल्या फेरीमुळे होतं.

मग आपला एरिया कसा ठरवायचा?

नकाशावर गोल काढू नका, रेल्वेची लाईन बघा. घराजवळचं स्टेशन आणि त्याच लाईनवर दोन्ही बाजूंची दोन-तीन स्टेशनं, एवढा एरिया सुरुवातीला पुरतो. भांडुपच्या माणसाला ठाणे आणि घाटकोपर सोपं, अंधेरी अवघड. कांदिवलीच्या माणसाला दहिसर सोपं, मुलुंड अवघड.

आतल्या आतही दोन भाग करा. चालत वीस मिनिटांत पोहोचता येईल तिथली कुठलीही छोटी कामं घ्यायची. लोकलने जावं लागणार असेल तर मोठं काम असेल किंवा एकाच बिल्डिंगमध्ये दोन-तीन कामं असतील तरच जायचं.

वेळेचंही तसंच. सकाळी आठ-नऊला जड बॅग घेऊन लोकलमध्ये चढणं म्हणजे दोन्ही बाजूंनी शिव्या. बाहेरची कामं शक्यतो अकरानंतरची घ्या. सामान जास्त असेल तर लगेजच्या डब्यात चढा, तो डबा त्यासाठीच असतो. बऱ्याच सोसायट्यांमध्ये दुपारी ड्रिल चालवायला मनाई असते, ती वेळ आधी विचारून घ्या.

कामं येतात कुठून?

पहिली जागा म्हणजे हार्डवेअरचं दुकान. नळ, बल्ब, कडी-कोयंडा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तिथेच विचारतं, "बसवून देणारा कोणी आहे का?" दुकानदाराकडे तुमचा नंबर असेल तर फोन तुम्हाला येतो. बदल्यात तुम्ही सामान त्याच्याकडून घेता. गाडी नसणाऱ्यासाठी हे दुकान म्हणजे फुकटचं गोडाऊन असतं. एरियात अशी तीन-चार दुकानं बांधून ठेवा, प्रत्येक स्टेशनजवळ एक. स्वतःची हत्यारं घ्यायची असतील तर मात्र एकदा नागदेवी स्ट्रीटला आणि इलेक्ट्रिकच्या सामानासाठी लोहार चाळीत जाऊन या. दोन्ही बाजार क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात आहेत.

दुसरी जागा म्हणजे सोसायटीचं गेट. वॉचमन, मॅनेजर आणि लिफ्टवाले यांना रोज पहिला प्रश्न विचारला जातो. त्यांना कार्ड द्या, पण नुसतं कार्ड देऊन काही होत नाही. त्यांच्या केबिनचा बंद पडलेला पंखा एकदा नीट करून द्या, नंबर लक्षात राहतो. एका बिल्डिंगमध्ये काम चांगलं झालं की तो नंबर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो. एकाच गेटच्या आत दिवसाची तीन कामं मिळाली तर प्रवास शून्य.

तिसरी जागा म्हणजे नाका. सकाळी ठरावीक चौकांत गवंडी, रंगारी, सुतार, बिगारी उभे असतात आणि ठेकेदार येऊन माणसं घेऊन जातात. इथे किरकोळ रिपेअरिंगपेक्षा दिवसभराची कामं जास्त मिळतात. साइटवर जाण्याआधी ठेकेदाराचं नाव, फोन नंबर आणि साइटचा पत्ता लिहून घ्या. जमलं तर मजुरी किती ठरली हे त्याला मेसेजवर पाठवून ठेवा. पैसे अडकले तर हातात दाखवायला काहीतरी राहतं.

चौथी जागा म्हणजे मोबाईल. गूगलवर बिझनेस प्रोफाइल फुकट बनवता येतं. दुकान नसलं तरी चालतं. घरचा पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात काम करता एवढंच दाखवता येतं. तिथे दूरचे एरिया टाकायचा मोह टाळा, नाहीतर नको ते फोन येत राहतात. घरकामाची अ‍ॅप्सही आहेत. अर्बन कंपनी २०१४ मध्ये अर्बनक्लॅप नावाने सुरू झाली, ती यातली सगळ्यांना माहीत असलेली. अ‍ॅपवर काम दिसतं, पण कमिशन जातं आणि दिलेल्या वेळेत पोहोचावं लागतं. जॉइन होण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: कामं किती किलोमीटरच्या आतली मिळतील?

अर्धं काम फोनवरच करा

गाडी असणारा माणूस "येऊन बघतो" म्हणू शकतो. तुम्हाला ते परवडत नाही. त्यामुळे निघण्याआधी फोनवर पाच गोष्टी विचारा.

१. बिघाडाचा फोटो किंवा छोटा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप करता का?
२. पाणी किंवा लाईट पूर्ण बंद आहे की थोडं चालू आहे?
३. नवीन सामान तुम्ही आणलंय की मी आणायचं?
४. घरात किंवा सोसायटीत शिडी आहे का?
५. घरात अजून काही बारीकसारीक काम आहे का?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येक घरात दाराची कडी, पडलेला स्विच, टांगायची राहिलेली फ्रेम असं काहीतरी असतंच. एका फेरीत दोन कामं झाली की हिशोब बसतो.

आणि व्हिजिट चार्ज फोनवरच सांगा. "ताई, येऊन बघायचे इतके होतील, काम केलं तर ते मजुरीत धरू." दारात उभं राहून हे सांगितलं की वाद होतो. फोनवर सांगितलं तर ज्याला पटतं तोच बोलावतो.

बॅगेत काय असावं?

बॅग तासभर खांद्यावर वागवता आली पाहिजे, हीच मर्यादा. पक्कड, दोन-तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, मल्टिमीटर, स्क्रू पान्हा, मध्यम पाईप पान्हा, हातोडी, छिन्नी, हॅक्सॉ, मेजर टेप आणि टॉर्च एवढ्यात घरातली बरीचशी कामं होतात. एका डब्यात टेफ्लॉन टेप, इन्सुलेशन टेप, वॉशर, स्क्रू, रॉवल प्लग. दुसरी फेरी बहुतेक वेळा अशाच दोन-पाच रुपयांच्या वस्तूसाठी मारावी लागते, म्हणून हा डबा रोज रात्री भरून ठेवा. ड्रिल मशीन जड असतं, ते काम असेल त्या दिवशीच घ्या. शिडी, पाईप, कमोड, गीझर यातलं काहीही स्वतः वाहून नेऊ नका. ग्राहकाच्या जवळच्या दुकानातून मागवा.

कोणत्या कामांना नाही म्हणायचं?

सुरुवातीला येईल ते काम घ्यावंसं वाटतं. पण काही कामं जिवावर बेततात.

मीटरच्या आधीची लाईन वीज कंपनीची असते. मुंबईत ती भागानुसार बेस्ट, अदानी, टाटा पॉवर किंवा महावितरण असते. तिथे हात लावायचा नाही. नवीन जोडणी किंवा अख्ख्या घराचं वायरिंग हे परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं काम आहे. पाईप गॅसच्या लाईनला कितीही आग्रह झाला तरी हात लावू नका, गॅस कंपनीला फोन करायला सांगा. आणि खिडकीबाहेर छज्जावर उतरून करायचं काम सेफ्टी बेल्टशिवाय नाही म्हणजे नाही. "दोन मिनिटांचं काम आहे" असं म्हणणारा माणूस आतच उभा असतो.

कोणती कागदपत्रं काढून ठेवावी?

ई-श्रम कार्ड: २०२१ मध्ये सुरू झालेली असंघटित कामगारांची नोंदणी. १६ ते ५९ वयाचे आणि पीएफ किंवा ईएसआयसी नसलेले कामगार ती फुकट करू शकतात.

अपघात विमा: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये बँक खात्यातून जातात. अपघाती मृत्यू झाल्यास घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. वय १८ ते ७०. दिवसभर शिडीवर आणि रस्त्यावर असणाऱ्याने हा विमा टाळायचं काहीच कारण नाही.

बांधकाम कामगार नोंदणी: बांधकामाच्या साइटवर वर्षात ९० दिवस काम केलं असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते.

पीएम विश्वकर्मा: सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, गवंडी आणि कुलूप बनवणारे त्यात येतात, टूलकिटसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन मात्र या यादीत नाहीत, त्यामुळे "करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

उद्यम नोंदणी: स्वतःचा छोटा व्यवसाय म्हणून ही नोंदणी आधारवर फुकट होते. हिच्यासाठी पैसे मागणारी वेबसाईट खरी नाही, हे समजून जा.

यासोबत आधार आणि आयटीआयच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स बॅगेत ठेवा. गेटवर एंट्री लवकर होते.

मग बाईक घ्यायचीच नाही का?

घ्या, पण हप्ता सुरू करण्याआधी महिनाभर वही ठेवा. रोज दोन गोष्टी लिहा: केवळ लांब असल्यामुळे कोणतं काम सोडलं आणि त्यातून किती मिळाले असते. महिन्याच्या शेवटी ही रक्कम बाईकचा हप्ता, पेट्रोल आणि इन्शुरन्स यांच्या बेरजेपेक्षा बरीच जास्त असेल तर बाईक घ्यायला हरकत नाही. कमी असेल तर जवळच्या अजून दोन सोसायट्या बांधणं स्वस्त पडेल. मधला मार्ग म्हणून जुनी सायकल मागे कॅरियर लावून घेतली तरी चालत जायचा वीस मिनिटांचा एरिया बराच वाढतो.

आणि आपण ग्राहक असू तर?

हा लेख वाचणारे बरेच जण दाराच्या आतल्या बाजूला असतील. त्यांनाही काही गोष्टी करता येतात. फोन केल्यावर फोटो पाठवा. सामानाचं माप सांगा. गेटवर नाव आधी कळवा, म्हणजे तो दहा मिनिटं उन्हात उभा राहणार नाही. काम आवडलं तर नंबर ग्रुपवर टाका.

आणि तो येऊन बघून गेला, पण काही कारणाने काम केलंच नाही, तर "नुसतं बघायला आलात, त्याचे कसले पैसे?" असं म्हणण्याआधी थोडं थांबा. तेवढ्या वेळात तो दुसऱ्या कुणाचा नळ नीट करू शकला असता.