शोषक वस्त्रे, प्रौढांची

लघवी किंवा शौच यांवरील ताबा सुटलेल्या प्रौढ व्यक्तीच्या त्वचेला ओल न लागू देता द्रव धरून ठेवणारी वस्त्रे. वार्धक्य, पक्षाघात, मज्जारज्जूची इजा, अष्ठीला ग्रंथीवरील शस्त्रक्रिया, अवघड बाळंतपण इ. कारणांनी हा ताबा सुटतो. लहान मुलांच्या लंगोटाचा आकार वाढविला की असे वस्त्र तयार होते, ही समजूत बरोबर नाही. प्रौढाच्या मूत्राशयात सु. ४०० ते ५०० मिलि. मूत्र मावते, ते एकदम बाहेर पडू शकते आणि बसलेल्या वा निजलेल्या देहाचा भार नेमका ओल्या भागावर येतो. द्रव शोषणे त्यामानाने सोपे असून तो भाराखाली धरून ठेवणे हीच खरी अडचण होय.

जळगावलगतचे असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे जन्मगाव खानदेशच्या कपाशीच्या पट्ट्यात आहे. अशा गावांत अंथरुणाला खिळलेल्या माणसाखाली जुनेराच्या घड्या व त्यांखाली मेणकापड घालण्याची रीत होती. जुनेरच घेण्यामागे केवळ काटकसर नव्हती. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो व कोऱ्या कापडात खळही असते; त्यांमुळे पाणी चटकन आत शिरत नाही. वारंवार धुतलेल्या लुगड्या-धोतरातून दोन्ही निघून गेलेली असतात. कारखान्यात कापूस दाहक सोड्यात उकळून व विरंजन करून हेच काम काही तासांत होते. बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक सॅम्पसन गॅमजी यांनी १८८० मध्ये असा शोषक कापूस जाळीदार कापडाच्या दोन थरांत ठेवून पट्टी तयार केली. आजच्या थरयुक्त वस्त्रांची ती पूर्वज म्हणता येईल.

सूतगिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा असल्याने आखूड, जाड तंतूच्या देशी वाणांची प्रतिष्ठा उतरली. शोषणासाठी मात्र असा तंतू उपयुक्त ठरतो, कारण तो ताठ असल्याने लवकर दबत नाही व तंतूंमधील पोकळ्या टिकून राहतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेला ‘फुले धन्वंतरी’ हा देशी वाण शस्त्रक्रियेच्या कापसासाठीच ओळखला जातो. गिरणीने नाकारलेला गुण रुग्णालयाच्या कामी आला, हे येथे नोंदविण्यासारखे आहे.

तरीही कापसाला मर्यादा आहे. तो आपल्या वजनाच्या वीसपटींहून अधिक पाणी घेतो, पण ते केवळ तंतूंमधील पोकळ्यांत केशाकर्षणाने धरलेले असते. दाब पडताच पिळल्याप्रमाणे बाहेर येते. पहिल्या महायुद्धात कापसाऐवजी पट्ट्यांसाठी वापरलेल्या लाकडी सेल्युलोजाचीही हीच गत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत स्टार्चावर अ‍ॅक्रिलोनायट्राइलाचे कलम करून अतिशोषक बहुवारिक तयार करण्यात आले, तेव्हा या प्रश्नाला निराळे वळण लागले. जमिनीत ओल टिकविणे हा त्याच्या उपयोगांपैकी एक होता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केलेले ‘जलशक्ती’ हे बहुवारिकही शेतीसाठीच होते. वस्त्रांत आता मुख्यतः सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट वापरतात. त्याचे कण पाणी घेऊन फुगतात व जेल बनतात. ते दाबले तरी पाणी सहजी सोडीत नाहीत. शुद्ध पाणी ते वजनाच्या शेकडोपट घेतात, पण मूत्रातील क्षारांमुळे तर्षणदाब घटून हे प्रमाण बरेच खाली येते. शिवाय वरचे कण आधी फुगले की ते खालच्यांची वाट अडवितात व द्रव कडेने ओघळतो. म्हणून हे कण लाकडी लगद्यात मिसळतात, वर द्रव पसरविणारा थर देतात आणि मांड्यांशी लवचिक कडा बसवितात. कृश वृद्धांच्या मांडीशी ही कड नीट टेकत नाही. गळती बहुधा तेथूनच होते.

बाहेरचे प्लॅस्टिक पाणी अडविते, तसा घामही अडविते. जळगावचा उन्हाळा ४५° से.पर्यंत चढतो, तेथे हा दोष क्षुल्लक नाही. ओलसर त्वचा लवकर सोलते, आणि जंतूंमुळे यूरियापासून होणारा अमोनिया ती अधिकच बिघडवितो. बाष्प जाऊ देणारा सूक्ष्मरंध्री पापुद्रा हा त्यावरील उपाय असला, तरी त्याने वस्त्राची किंमत वाढते. गळतीच्या भीतीने अनेक वृद्ध पाणीच कमी पितात. त्यामुळे मूत्र दाट होऊन जळजळ व संसर्ग वाढतो. वापरलेल्या वस्त्रांची विल्हेवाट हा आणखी एक प्रश्न आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ती गुंडाळून वेगळी देण्यास सांगितले. जुनेर मात्र धुऊन पुन्हा दांडीवर वाळत पडे.