पिल्लाच्या मेंदूतलं गाणं

लेकीला विज्ञान शाखेला घालायचं म्हटलं, की घरात कुणीतरी म्हणतंच, "बायकांचा मेंदूच वेगळा, हार्मोनचा खेळ असतो." आमच्या गटाच्या बैठकीतही परवा हेच निघालं. म्हणून हा खेळ माणसाला पक्ष्यांमुळे कसा उलगडत गेला, ते आज सांगतो.

१८४९ साली जर्मनीत आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी सहा तरुण कोंबडे घेतले. दोन पुरते खच्ची केले. त्यांचे तुरे वाढले नाहीत, ते आरवेनात, भांडेनात. बाकीच्यांचंही वृषण काढलं, पण एकेक परत पोटात ठेवलं. ते मात्र ऐटीत आरवू लागले! नसांची जोडणी तुटलेली, तरी काम चालू. म्हणजे काहीतरी रक्तातून पोचत होतं. त्यालाच पुढे हार्मोन, म्हणजे संप्रेरक, हे नाव मिळालं.

आता झेब्रा फिंच घ्या. आपल्या मुनियांच्या कुळातला हा ऑस्ट्रेलियातला इवलासा पक्षी. यात नर गातो, मादी गात नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत नोटेबोम आणि आर्नोल्ड यांनी दाखवलं, की गाण्याचं काम करणारे मेंदूचे भाग नरात कितीतरी मोठे असतात. १९८० मध्ये गर्नी आणि कोनिशी यांनी मादी पिल्लांना इस्ट्रोजेन दिलं. त्यांचे हे भाग नरासारखे वाढले. मोठेपणी टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्या गायल्याही! बघा, ज्याला आपण बायकांचं हार्मोन म्हणतो, त्यानेच हे घडवलं. पण वेळ महत्त्वाची. नुसतं मोठेपणी टेस्टोस्टेरॉन देऊन झेब्रा फिंचची मादी गात नाही.

मग सगळं रक्तातूनच ठरतं का? तसंही नाही. २००१ मध्ये नर पिल्लांच्या मेंदूच्या पातळ चकत्या शरीराबाहेर जगवल्या, तर त्यांनी स्वतःच इस्ट्रोजेन बनवलं. २००३ मध्ये एक अजब फिंच अभ्यासला गेला. उजवं अंग नराचं, डावं मादीचं. दोन्हीकडे रक्त एकच, तरी गाण्याचा भाग उजवीकडे जास्त वाढलेला. म्हणजे पेशींची स्वतःची जनुकंही त्यात बोलत होती.

आणि शेवटची गोष्ट. पक्ष्यांत गाणं नराचंच, असं अभ्यासक कित्येक वर्षं धरून चालले. २०१४ मध्ये कॅरन ओडम आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या नोंदी तपासल्या. माहिती मिळालेल्या गाणाऱ्या जातींपैकी ७१ टक्के जातींत मादीही गाते, आणि या पक्ष्यांच्या मूळ पूर्वजांतही ती गात असावी, असं निघालं.

फिंचच्या पिल्लाचा मेंदूही एका हार्मोनवर ठरत नाही. मग पक्ष्याचा हिशेब आपल्या लेकीला कशाला लावायचा? पुढच्या वेळी कुणी "हार्मोनचा खेळ" म्हणालं, तर त्यांना ही गोष्ट सांगा, आणि लेकीचा प्रवेश अर्ज भरून टाका.