दिवाणखान्याचा पडदा

आपल्यापैकी पुष्कळांच्या ट्रंकेत आजी-आजोबांचा एक तरी जुना फोटो असेल. आजोबा कोट-टोपी घालून खुर्चीवर बसलेले, आजी नऊवारी नेसून शेजारी उभी, आणि मागे खांब, मखमली पडदे व रुंद जिना. नातवंडे विचारतात, "एवढा मोठा बंगला आपला होता?" नव्हता. तो कापडावर रंगवलेला होता. असे का करीत, हे सांगावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. जॉन्सन व हेंडरसन या दोघांनी १८५६ ते १८५८ या काळात जो अल्बम प्रसिद्ध केला, त्यात बेने इस्राएल मंडळींचेही चित्र आहे. मात्र त्या काळी फोटो उघड्यावर किंवा भरपूर उजेडाच्या स्टुडिओत काढीत. घराच्या आत कॅमेरा नेणे कठीण होते. खिडकीकडचा भाग पांढराफटक येई आणि कोपरे काळेकुट्ट राहत. भिंगावरचे झाकण काढून कित्येक मिनिटे थांबावे लागे. उजेड आत वळवण्यासाठी काही जण आरसेही लावीत. चकाकणारी फ्लॅशची पूड निघाली ती १८८७ साली.

तरीही हे काम नावारूपास आणले ते लाला दीनदयाळ यांनी. हैदराबादचे अमीर सर आस्मान जाह यांच्या बशीरबाग महालातील युरोपीय थाटाच्या दिवाणखान्याचा फोटो त्यांनी काढला. निजामाने १८९४ मध्ये त्यांना 'राजा मुसव्विर जंग' हा किताब दिला, आणि १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला. बशीरबाग महाल आज उभा नाही. शहरातील एका भागाला त्याचे नाव तेवढे राहिले आहे. त्या दिवाणखान्यातील मांडणी आता फोटोतच पाहावी लागते. आपल्या भायखळ्याचा ससून घराण्याचा 'साँ सूसी' बंगलाही पुढे मसीना हॉस्पिटल झाला.

अशा फोटोंत एक गोष्ट ध्यानात येते. दिवाणखाने बहुधा रिकामे दिसतात. झाकण उघडे असताना कोणी नोकर खोलीतून चालत गेला, तर काचेवर त्याची खूणही उमटत नसे. झुंबर राहिले, ते पुसणारा राहिला नाही.

आपल्या लोकांचे नेमके उलट झाले. कोकणातली आपली घरे, तेलाचा घाणा, शब्बाथच्या दिव्याची जागा, दाराची मेझुझा यांचे फोटो क्वचितच निघाले, कारण घरात उजेड कमी आणि खर्च फार. म्हणून माणसे ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत गेली आणि रंगवलेल्या महालापुढे बसली. मागचा महाल खोटा, पण चेहरे खरे आहेत.

त्या चेहऱ्यांची नावे मात्र विसरत चालली आहेत. लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा येथे राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे. फोटो बाहेर काढा. पाठीमागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नाव, गाव आणि नाते लिहा. शाई वापरू नका, ती पुढे उमटते. आणि ज्या घराचा फोटो कधी निघालाच नाही, त्यात चूल कुठे होती, पाणी कुठे भरत, दिवा कुठे लावीत, हे नातवंडांकडून कागदावर लिहवून घ्या.